ब्रूनोचे बाबा

पुण्यात टेकडीवर फिरायला येणाऱ्यांचे तीन प्रकार पूर्वीपासून ठरलेले होते: डॉक्टरांनी पाठवलेले, बायकोने पाठवलेले आणि स्वतःहून आलेले. पहिले मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत चालतात, दुसरे फोनवर बोलत चालतात, आणि तिसरे या दोघांना ओलांडून पुढे जाताना मुद्दाम मोठ्याने 'सुप्रभात' म्हणतात. गेल्या काही वर्षांत चौथा प्रकार वाढीला लागला आहे. हा चालतच नाही. हा उभा असतो. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात साखळी आणि साखळीच्या टोकाला पस्तीस किलोचा लॅब्रेडॉर. माणूस झाडाच्या शेंड्याकडे बघतोय, कुत्रा झाडाच्या बुंध्याकडे. मधलं झाड कुणीच बघत नाही.

या माणसाला नाव आहे, आडनाव आहे, निवृत्त होईपर्यंत बँकेतल्या केबिनच्या दारावर पाटीही होती. टेकडीवर त्याचा काही उपयोग नाही. इथे ओळख कुत्र्यावरून. वर्षानुवर्षं रोज भेटणाऱ्या माणसांना एकमेकांची आडनावं ठाऊक नसतात. पण कोकोची आई हैदराबादला गेली आहे, शेरूच्या आजोबांचा गुडघा बदलायचा आहे आणि सिंबाला शॅम्पूची ॲलर्जी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपले हे गृहस्थ म्हणजे ब्रूनोचे बाबा. मध्यंतरी त्यांच्या नावाने आलेलं कुरिअर नव्या वॉचमनने 'या नावाचं कुणी राहत नाही' म्हणून परत पाठवलं. पत्ता बरोबर होता, पण पाकिटावर ब्रूनोचा उल्लेख नव्हता.

ब्रूनोचे बाबा जन्मजात पक्षीमित्र नाहीत. जन्मजात ते श्वानमित्रही नाहीत. मुलगी बारावीला असताना 'कुत्रा आणा, त्याचं सगळं मी करीन' म्हणाली. सगळं तिने पंधरा दिवस केलं. मग इंजिनिअरिंग, मग बंगळूर, मग म्यूनिक. मुलगी गेली, ब्रूनो राहिला. त्याच सुमारास बाबा निवृत्त झाले आणि डॉक्टरांनी साखरेच्या रिपोर्टवर नजर टाकून रोज पाऊण तास भरभर चालायला सांगितलं. भरभर हा शब्द ब्रूनोला मान्य नव्हता. त्याला सोसायटीच्या फाटकापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंतचा प्रत्येक विजेचा खांब, प्रत्येक स्कूटरचं चाक आणि प्रत्येक गुलमोहराचा बुंधा सविस्तर वाचायचा असतो. आधीच्या वाचकांनी काय अभिप्राय दिलेत ते बघून स्वतःचा नोंदवायचा असतो. घाई केलेली त्याला चालत नाही, आणि पस्तीस किलोंना जे चालत नाही ते होत नाही.

आता उभं राहून करायचं काय? मोबाइल काढावा तर जवळचा चष्मा घरी. कुत्र्याकडे बघावं तर जो विधी चाललेला असतो तो बघण्यालायक नसतो. तेव्हा एका चैत्रातल्या सकाळी बाबांनी नाइलाजाने वर बघितलं. शेवग्याच्या वाळक्या फांदीवर मुठीत मावेल एवढा हिरवा पक्षी बसला होता. कपाळावर लाल टिळा, गळ्याखाली पिवळं, डोळ्याभोवती पिवळं, आणि आवाज 'टुक, टुक, टुक, टुक'. तांबट. "जन्मभर हा आवाज ऐकतोय हो," बाबा अजूनही नव्या माणसाला सांगतात, "आणि जन्मभर मला वाटत होतं, शेजारच्या इमारतीत पाण्याचा पंप बिघडलाय!"

तांबटाने बाबांना पकडलं ते कायमचं. ऊन तापायला लागलं की याचा उद्योग सुरू होतो. मिनिटाला शंभराच्या पुढे ठोके, आणि ते सगळे चोच बंद ठेवून. फक्त गळा फुगतो. शिवाय डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत राहतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय याचा पत्ता लागत नाही. बाबांना यात फार मोठं कौशल्य दिसलं. "तोंड न उघडता, जागचं न हलता, दिवसभर एकच मुद्दा मांडत राहायचा, आणि बोलतोय कोण हे कुणाला कळू द्यायचं नाही! हे मला वेळेवर जमलं असतं तर मी झोनल मॅनेजर म्हणून निवृत्त झालो असतो."

त्यानंतर सामग्री जमायला लागली. मुलीने म्यूनिकहून दुर्बीण पाठवली, आठ बाय बेचाळीस. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटर व्यासाची असते. ही माहिती विचारणाऱ्याला तर ते देतातच, न विचारणाऱ्यालाही देतात. मग खाकी जाकीट आलं. त्याला इतके खिसे आहेत की टेकडीवर थांबून कुठल्या खिशात काय आहे हे आठवण्यातच सकाळचा चांगला वेळ जातो. डाव्या खिशात ब्रूनोची बिस्किटं, उजव्या खिशात ब्रूनोच्या मागचं उचलायच्या पिशव्या, आतल्या खिशात वही, छातीवरच्या खिशात पेन. सालिम अलींचं १९४१ मध्ये पहिल्यांदा निघालेलं भारतीय पक्ष्यांचं पुस्तक घरी टीपॉयवर असतं, कारण ते घेऊन टेकडी चढायला दुसरा ब्रूनो लागेल.

वही मात्र बघण्यासारखी आहे. निवृत्त झाला तरी बँकेचा माणूस. रकाने आखलेले: तारीख, वेळ, पक्षी, नर की मादी, कुठल्या झाडावर, शेरा. पानाच्या तळाला रोजची बेरीज. आणि जगभरचे पक्षीनिरीक्षक आपल्या याद्या एक जानेवारीला नव्याने सुरू करत असले तरी ब्रूनोच्या बाबांचं खातं ३१ मार्चला बंद होतं. त्यामुळे उन्हाळ्याची सुरुवात हा त्यांच्या दृष्टीने भलताच धावपळीचा काळ. भोरड्यांचे थवे हिवाळाभर इथे असतात, पळस आणि सावर फुलली की झाडावर नुसता कल्ला करतात आणि एप्रिलात पिल्लांसाठी थेट मध्य आशियाची वाट धरतात. त्यांची वर्षअखेरची नोंद मार्चच्या आत झालीच पाहिजे. "मार्च एंडिंग आहे, आज बोलायला वेळ नाही," असं सांगत साठी उलटलेला माणूस पळसाखाली धावतो, तेव्हा नवख्यांना वाटतं, यांना अजून बँकेने सोडलेलं नाही. एक एप्रिलला पहाटे कोरं पान उघडतं. नव्या आर्थिक वर्षातला पहिला पक्षी दरवर्षी कावळाच असतो, पण बाबा तोही लिहितात. शेरा: 'नेहमीचा.'

खरी अडचण हातांची आहे. दुर्बिणीला दोन हात लागतात आणि ब्रूनोला तीन. बाबांनी यावर एक आसन बसवलं आहे. साखळीचा फास डाव्या मनगटात दोन वेढे देऊन अडकवायचा. डावं कोपर बरगडीला घट्ट टेकवायचं. पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं. दुर्बीण उजव्या हाताने डोळ्याला लावायची, डाव्या हाताच्या दोन मोकळ्या बोटांनी मधली चकती फिरवायची आणि श्वास रोखून धरायचा. धुरकट हिरवं हळूहळू स्वच्छ होत जातं, पानांच्या कडा उमटतात, मग पानांमागचं पिवळं दिसतं, मग त्या पिवळ्यावरचा काळा पंख, आणि आता डोळ्याजवळची काळी रेघ दिसणार म्हणजे हा हळद्याच, आणि नरच, हे पक्कं होणार, एवढ्यात खाली ब्रूनोला कशाचा तरी वास येतो. बाबा पूर्वेकडून दक्षिणेकडे वळतात. हळद्या पश्चिमेकडे उडून जातो. वहीतल्या निम्म्याअधिक नोंदींपुढे कंसात 'शेपटी' असं लिहिलेलं आहे. पुण्याच्या टेकड्यांवरच्या पक्ष्यांची मागची बाजू ब्रूनोच्या बाबांइतकी कुणी पाहिलेली नसेल.

यात ब्रूनोचा दोष नाही. दोष रक्ताचा आहे. लॅब्रेडॉर ही जात मुळात न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडची. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडातल्या उमरावांच्या हाती गेली आणि तिला मुख्य काम मिळालं ते शिकारीतलं: साहेबाने बंदुकीने पाडलेला पक्षी पाण्यातून, झुडपातून शोधून, दात न लावता उचलून साहेबाच्या पायाशी आणून ठेवायचा. म्हणजे पक्ष्यांचा नाद ब्रूनोच्या घराण्यात आहे, बाबांच्या नाही. बाबांनी दुर्बीण रोखली की ब्रूनो अजूनही कान टवकारतो. वाट बघतो. बार होत नाही. काही पडत नाही. बाबा दुर्बीण खाली घेतात, समाधानाने वहीत काहीतरी खरडतात आणि पुढे चालू लागतात. रोज इतक्या वेळा नेम धरून एकही पक्षी न पाडणाऱ्या या शिकाऱ्याबद्दल ब्रूनोचं मत काय आहे, ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

हे कुणी बाबांना सांगितलं तर ते चिडत नाहीत, उलट खुलतात. कारण त्यांना सालिम अलींवर येता येतं. सालिम अलींची सुरुवातही बंदुकीनेच झाली होती. लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कुठली चिमणी म्हणून मामांना विचारलं आणि मामांनी पोराला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडलं. १८८३ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत मिलार्ड नावाच्या साहेबाने कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि पुढचं सगळं त्यातून झालं. "बंदुकीकडून दुर्बिणीकडे यायला माणसाला वेळ लागतो," बाबा ब्रूनोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "हासुद्धा येईल." ब्रूनो त्या वेळी सरड्याकडे बघत असतो.

वेताळबाबाच्या देवळापाशी सकाळी ज्येष्ठांचा अड्डा जमतो. तिथे राजकारण चालतं आणि बाबांना त्यात रस नाही. पण एके दिवशी काँग्रेसचं नेमकं कुठे चुकलं यावर दोन तट पडले असताना बाबा मध्येच म्हणाले, "काँग्रेस पक्ष्यांतून निघाली." सगळे गप्प झाले. मग बाबांनी सांगितलं की १८८५ मध्ये ज्यांच्या पुढाकाराने काँग्रेस स्थापन झाली ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्या काळातले हिंदुस्थानातले सगळ्यात मोठे पक्षीतज्ज्ञ. ऐंशी हजारांच्या आसपास नमुने त्यांनी जमवले होते. भारतातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून वर्षानुवर्षं टिपणं काढली होती. साहेब बाहेरगावी असताना शिमल्याच्या घरातल्या नोकराने ती सगळी टिपणं बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. ह्यूमसाहेबांचं मनच उडालं, सगळा संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि ते राजकारणात शिरले.

"म्हणजे स्वातंत्र्य रद्दीवाल्यामुळे मिळालं, असं म्हणायचंय का तुम्हाला?" एका आजोबांनी चढ्या आवाजात विचारलं.

"मी फक्त घटनाक्रम सांगितला," बाबा म्हणाले आणि कोतवाल दिसला म्हणून उठून गेले.

रद्दी हा शब्द मात्र त्यांच्या घरी जपून वापरावा लागतो. वह्या आता माळ्यावर चढल्या आहेत आणि ब्रूनोच्या आईने त्यांच्यावर नजर ठेवलेली आहे. "अहो, त्या शिमल्याच्या नोकराचा पत्ता मिळतो का बघा," असं त्या दिवाळीच्या आवराआवरीत म्हणतात. पोह्यांबद्दल त्यांनी बोलणं सोडून दिलं आहे. सकाळी सहाला गेलेला माणूस सव्वासातला येतो म्हणाला की त्या आठला फोडणी घालतात. उन्हाळा लागला की गच्चीत पाण्याचं परळ ठेवायचं काम त्यांच्याकडे आहे, तेही बाबांच्या लेखी सूचनांनुसार: परळ मातीचंच हवं, पसरट आणि उथळ हवं, मध्ये एक दगड ठेवावा म्हणजे लहान पक्ष्याला बसता येईल, पाणी रोज बदलावं. त्या हे सगळं करतात. बुलबुल येतात, दयाळ येतो, काळ्याजांभळ्या पोशाखात चमकणारा सूर्यपक्ष्याचा नर परळाच्या काठावर बसून मान वळवून वळवून बघतो. मग ब्रूनो येतो आणि चार लपक्यांत दगडासकट परळ कोरडं करतो. वहीत त्या दिवशी शेरा असतो: 'पाणवठ्यावर मोठा प्राणी.'

आता बाबांच्या शत्रूंविषयी. ते दोन आहेत. पहिला कॅमेरेवाला. हा शनिवार-रविवारी मोटारीतून येतो. हातभर लांबीची लेन्स, अंगात पानांची चित्रं असलेले सैनिकी कपडे आणि पायात केशरी बूट. एकदा मेच्या सुरुवातीला असे तिघे जण झुडपाकडे लेन्स रोखून उभे होते.

"काका, कुत्रा जरा लांब घ्या ना प्लीज. नवरंग आहे."

"नवरंग आत्ता कुठला? तो पावसाच्या तोंडावर येतो. अजून दोन-तीन आठवडे आहेत."

"ग्रुपवर लोकेशन आलंय, काका."

"पण ते पक्ष्याला कळवलंय का?"

तिघांनी दोन तास वाट बघितली. बाबाही थोड्या अंतरावर, पाठमोरे, वाट बघत उभे होते, हे ब्रूनोने नंतर कुणाला सांगितलं नाही. लोकेशन कळवण्यावर बाबांचा मुळातूनच राग आहे. घरट्याचा फोटो आणि पत्ता एकदा फिरायला लागला की तिथे गर्दी होते, गर्दी झाली की आईबाप अंडी सोडून जातात आणि गर्दी दुसऱ्या पत्त्यावर जाते. त्यामुळे त्यांच्या वहीत घरट्यांच्या जागा सांकेतिक भाषेत आहेत. ती भाषा इतकी पक्की आहे की पुढच्या वर्षी त्यांनाही ती लागत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे ॲप. हल्ली कॉर्नेल विद्यापीठाचं एक मोफत ॲप मिळतं. मोबाइल हवेत धरायचा, की आजूबाजूला ओरडणाऱ्या पक्ष्यांची नावं एकापाठोपाठ एक पडद्यावर उमटतात. एक कॉलेजातली मुलगी ते घेऊन चालत होती. बाबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात कष्टाने कमावलेली विद्या तिच्या तळहातावर पटापट उमटत होती. बाबा सोबत चालत राहिले, काही बोलले नाहीत. तेवढ्यात पडद्यावर आलं, शिक्रा. मुलगी आकाशात शोधू लागली. बाबांनी शांतपणे विजेच्या तारेकडे बोट दाखवलं. तारेवर कोतवाल बसला होता. हा ठक शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. इतर पक्षी घाबरून तोंडातला किडा टाकून पळतात आणि किडा हा उचलतो. "तुझ्या ॲपलाही त्याने किडा टाकायला लावला," बाबा म्हणाले. त्या दिवशी ते पोह्यांच्या वेळेआधी घरी पोचले.

सोसायटीत मात्र बाबांचं खरं वजन वाढलं ते धनेशामुळे. कुंपणालगत जुना पर्जन्यवृक्ष आहे. गेल्या उन्हाळ्यात फांद्या गाड्यांवर पडतील म्हणून छाटणीची माणसं बोलावण्यात आली. करवत वर चढायच्या आत बाबा ब्रूनोसह झाडाखाली उभे राहिले.

"आत बाई कोंडून घेऊन बसल्यात," ते म्हणाले.

"कुठे?" वॉचमन दचकला. "कुठल्या फ्लॅटमध्ये, साहेब?"

बाबांनी खोडातली ढोली दाखवली. राखी धनेशाची मादी मार्च-एप्रिलात अशा ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. माती आणि विष्ठेचा गिलावा. उरते ती फक्त एक उभी फट. आत बसून ती अंडी उबवते, त्याच मुक्कामात तिची उडायची पिसंही गळून नवी येतात, म्हणजे मनात आणलं तरी तिला बाहेर पडता येणार नाही. या सगळ्या काळात तिचं पोट नरावर. बाबा सांगत असतानाच तो आला. लांब शेपटी, वाकडी चोच. ढोलीपाशी खोडाला बिलगून बसला, गळ्याला एक हिसडा दिला आणि चोचीच्या टोकावर एक उंबर आणलं. फटीतून आतली चोच पुढे आली, उंबर आत गेलं. पुन्हा हिसडा, पुन्हा उंबर. एकामागून एक इतकी उंबरं निघाली की एवढी त्याच्या पोटात मावली कशी हे बघायला करवतवालाही खाली बसला.

सेक्रेटरींनी छाटणी पुढे ढकलली. तशीही झाडाची फांदी छाटायची तर महानगरपालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते आणि ती कुणी काढलेली नव्हती. हा कागदी मुद्दा बाबांनी मागे राखून ठेवला होता. तो वापरायची वेळच आली नाही. कारण दुसऱ्या मजल्यावरच्या समस्त महिलांनी धनेशाचा खटला हाती घेतला होता. त्याच्या फेऱ्या मोजल्या जाऊ लागल्या. "आज साडेदहाची फेरी चुकली नाही त्याची," असं स्वयंपाकघराच्या खिडकीतून खिडकीत जाऊ लागलं, आणि त्यापाठोपाठ, "आणि आमच्या ह्यांना येताना कोथिंबीर आणा म्हटलं तर आठवत नाही!" सोसायटीतल्या पुरुषवर्गाने त्या उन्हाळ्यात ब्रूनोच्या बाबांशी बोलणं कमी केलं होतं.

मेअखेरीला पावशा ओरडायला लागतो. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' ही त्याची हाक शेतकऱ्याने ऐकायची. कोथरूडच्या बाजूला ती ऐकून लोकांना मुळशीकडचा आपला प्लॉट आठवतो आणि त्याचा सात-बारा अजून नावावर झालेला नाही हेही आठवतं. बाबांना मात्र तो सातभायांच्या घरट्यात आपलं अंडं खपवणारा इसम म्हणून ठाऊक आहे. "जो स्वतःचं पोर दुसऱ्याच्या घरी वाढवतो, तो जगाला पेरायला सांगतोय," असं म्हणताना ते ब्रूनोकडे बघतात आणि एकदम विषय बदलतात. म्यूनिकची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, मुलगी अजून झोपली असेल, अशी माहिती मग ते देतात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती आधी ब्रूनोला दाखवा म्हणते. मग बाबांना विचारते, "आज काय दिसलं?" आणि ते वही उघडून तारीखवार वाचून दाखवतात.

बाबांची चेष्टा सगळेच करतात. मात्र एप्रिल २०२३ मध्ये टेकडी फोडून जाणाऱ्या नियोजित रस्त्याविरुद्ध पुणेकर मोर्चाने निघाले, तेव्हा तिथे रोज घाम गाळणाऱ्या पुष्कळांना 'टेकडीवर आहे तरी काय?' या प्रश्नाला 'मोकळी हवा' यापलीकडे उत्तर सुचत नव्हतं. बाबांकडे वहीचं उत्तर होतं. कुठल्या खडकामागे तित्तर जोडीने राहतात, कुठल्या बाभळीवर कधी खाटीक दिसला, कुठल्या वर्षी चातक किती तारखेला आला, हे पानवार लिहिलेलं होतं. ब्रूनोही मोर्चात होता. घोषणांना साथ देणारा तो एकटाच होता ज्याला टेकडीचा प्रत्येक दगड वासाने माहीत होता.

आणि ब्रूनोच्या बाबतीत बाबांनी जे एक केलं, ते टेकडीवर कुत्रा नेणाऱ्या फार थोड्यांनी केलं आहे. वर पोचलं की इतर सगळे साखळी सोडतात. 'पळू दे जरा, फ्लॅटमध्ये कोंडलेला असतो.' बाबाही सोडत असत. मग एका एप्रिलात खाणीजवळच्या मुरमाड सपाटीवर एक टिटवी किंचाळत ब्रूनोच्या डोक्यावरून गेली. वळली, पुन्हा आली, कानाला पंख लागेल इतक्या खाली. तिसऱ्या फेरीला तो पस्तीस किलोंचा गडी बाबांच्या पायांमागे जाऊन बसला. बाबा जागच्या जागी थबकले आणि पायांसमोरची जमीन वीतवीत करून बघू लागले. तीन पावलांवर बोटभर खोल खळगा होता. काठाने खडे मांडलेले. आत चार अंडी, निमुळती टोकं मध्यभागी जुळवलेली, मातकट रंगावर काळे डाग. नजर क्षणभर हलवली की ती पुन्हा खडे होऊन जात. उन्हं चढली की हीच टिटवी खाणीतल्या पाण्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्याने अंडी गार ठेवते. त्या दिवशी बाबांनी खिशातून साखळी काढली, ती अजून हातातच आहे. म्हणूनच दुर्बीण एका हाताने धरावी लागते आणि म्हणूनच वहीत इतक्या शेपट्या आहेत.

टेकडीवर दुर्बीण नसली तरी चालेल, पक्ष्यांची नावं येत नसली तरी चालेल. पण चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत टिटवी, तित्तर, चंडोल, रातवा ही सगळी मंडळी उघड्या जमिनीवर संसार मांडून बसलेली असतात आणि मोकळा कुत्रा कितीही गुणी असला तरी त्यांच्यासाठी तो कुत्राच असतो. तेव्हा तुमच्या ब्रूनोला, कोकोला, शेरूला टेकडीवर जरूर न्या. त्याला हवे तितके खांब वाचू द्या. फक्त वर पोचल्यावर साखळी सोडू नका.